बापूकाकांचा ऑटोफोकस

"वा, काय फोटो आलाय हो!" असं कुणी म्हणालं, की आमचे बापूकाका समाधानानं मान डोलावतात आणि म्हणतात, "एकशेपंचवीस, पाच पॉइंट सहा." समोरच्याला वाटतं, ह्यांना कमी ऐकू येतं. तसं काही नाही. काकांनी स्तुती नीट ऐकलेली असते आणि तिचं श्रेय जागच्या जागी पोचवलेलं असतं. शटर एक सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागापुरतं उघडलं, ॲपर्चर ५.६ होतं. फोटो चांगला यायला आणखी काय लागतं? फोटोत कोण आहे, तो मुंजीतला आहे की तेराव्याचा, त्यातला माणूस हसतोय की त्याला ठसका लागलाय, ह्या सगळ्या काकांच्या लेखी ॲक्सेसरीज.

कॅमेरा मिनोल्टाचा, ७००० एएफ. काकांचे साडू मस्कतला होते. १९८६ च्या सुट्टीत ते आले तेव्हा बाकीच्यांना सेंटच्या बाटल्या मिळाल्या आणि काकांना हा कॅमेरा. (दुकानात खरं तर टेपरेकॉर्डर घ्यायला गेलो होतो, असं साडू अजून सांगतात.) तोवर बापूकाका म्हणजे बँकेतला एक शांत, पापभीरू हेडक्लार्क. कॅमेऱ्याबरोबर माहितीपुस्तिका आली आणि माणूस गेला. पुस्तिका त्यांनी पहिल्या रात्री नुसती वाचली, दुसऱ्या रात्री पेन्सिल घेऊन वाचली, आठवडाअखेरीस तिला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. कॅमेऱ्याला हात लावला तो त्यानंतर.

त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पोह्यांबरोबर एक प्रात्यक्षिक मिळत असे. काका लेन्स काढत आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी, खालच्या बाजूला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा दिसणारा एक इवलासा दांडा दाखवत. "हे बघा. सगळी मेख इथं आहे." फोकस करणारी मोटर लेन्समध्ये नाही, कॅमेऱ्याच्या पोटात आहे, ती हा दांडा फिरवते आणि दांडा लेन्स फिरवतो. पाहुणा "अच्छा, अच्छा" म्हणत लिंबू पिळू लागला, की काका त्याला आरशाच्या मागे घेऊन जात. आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली तळाशी उतरतो. तिथं त्याच्या दोन प्रतिमा पडतात. त्या दोघींमधलं अंतर मोजलं की लेन्स पुढं सरकवायची की मागं आणि किती, हे कॅमेऱ्याला कळतं. अंदाजपंचे काही नाही. हे सांगताना काका दोन्ही हातांची तर्जनी एकमेकींजवळ आणत, लांब नेत आणि शेवटी तोंडानंच "पीं" करत. फोकस लागला की कॅमेरा पीं करतो. ती शिटी बंद करायची सोय कॅमेऱ्याला आहे, पण काकांनी ती कधी वापरल्याचं कुणाला आठवत नाही.

इतिहासही त्यांना मुखोद्गत. स्वतःहून फोकस करणारा पहिला बाजारी कॅमेरा १९७७ चा कोनिका सी३५ एएफ, पण तो साधा, खिशातला. एसएलआरमध्ये पेंटॅक्सनं १९८१ ला हात घातला, निकॉननं १९८३ ला. दोघांनीही मोटर लेन्समध्येच कोंबल्यामुळं लेन्सला पोट सुटलं. १९८५ मध्ये मिनोल्टानं मोटर आणि फोकसची सगळी यंत्रणा बॉडीत घातली, त्याच्याबरोबर लेन्सची अख्खी नवी फळी बाजारात उतरवली आणि बाकीच्या कंपन्यांची झोप उडवली. ह्या भानगडीत लेन्स बसवायचा माउंट बदलला. म्हणजे मिनोल्टाच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या साऱ्या लेन्स एका दिवसात निरुपयोगी. "क्रांतीत हे व्हायचंच," काका म्हणत. त्यांच्याकडे जुनी एकही लेन्स नव्हती.

कॅमेऱ्याला नावंही तीन. माहेरी, म्हणजे जपानात, तो अल्फा ७०००. अमेरिकेत गेला तो मॅक्झम ७००० झाला. इतरत्र नुसता ७००० एएफ. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर मॅक्झममधले दोन एक्स एकमेकांत अडकवलेले होते, त्याला एक्सॉन ह्या तेलकंपनीनं हरकत घेतली आणि ते सोडवावे लागले. तसा अडकलेल्या एक्सांचा एक नग डोळ्यांनी पाहावा, ही काकांची इच्छा. लोक काशीला जायचं म्हणतात.

आता खरी गंमत. ह्या कॅमेऱ्यानं माणसाला करायला फारसं काही ठेवलेलं नाही. रोलचं टोक खुणेपर्यंत ओढायचं आणि मागचं झाकण लावायचं. पहिल्या फोटोपर्यंत रोल तो स्वतः नेतो. रोलच्या डबीवरच्या चंदेरी-काळ्या चौकटी वाचून रोल शंभरचा की चारशेचा हे तो ओळखतो. फोकस त्याचा, एक्स्पोजर त्याचं, फोटो निघाला की रोल पुढं सरकवणंही त्याचंच, सेकंदाला दोन फोटोंच्या वेगानं. एक सेकंदाचा दोन हजारावा भाग त्याला पकडता येतो. आणि हा कॅमेरा ज्यांच्या हातात पडला, ते बापूकाका एका फोटोला वीस मिनिटं घेतात.

कारण कॅमेऱ्यानं वाचवलेली सगळी कामं काकांनी परत अंगावर घेतली. फोकस कॅमेरा करतो हे खरं, पण तो बरोबर करतो का, हे कुणी तपासायचं? काकांच्या बॅगेत शिंप्याची टेप असे. कॅमेऱ्यानं पीं केलं की लेन्सवर दिसणारं अंतर वाचायचं, टेपचं एक टोक कॅमेऱ्याला लावून दुसरं नवरीच्या नाकाशी न्यायचं, आणि दोन्ही आकडे जुळले की समाधानानं परत जाऊन पुन्हा फोकस करायचा. तोवर नवरी खुर्चीत रेलून बसलेली असे. मग पुन्हा टेप.

चारही मोड त्यात आहेत. पी लावला की शटर आणि ॲपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो, तेही लेन्स रुंद आहे की लांबची ते पाहून. "पी म्हणजे पब्लिक," असं म्हणून काका तो कधी लावत नसत. ते एम लावत. एम लावून बटणं वरखाली दाबत दाबत शेवटी नेमक्या पीनं सुचवलेल्या आकड्यांवर येऊन थांबत. बोरा बाजारातला एक म्हातारा कॅमेरा-दुरुस्तीवाला हा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेऊन बराच वेळ चाचपत बसला होता. "ह्याला फिरवायचं काय?" त्यानं विचारलं. "फिरवायचं काही नाही. दाबायचं," काका म्हणाले. म्हाताऱ्यानं कॅमेरा परत दिला आणि चहा मागवला. त्यानं एकट्यासाठीच मागवला, हे काकांच्या लक्षात राहिलं.

ऑटोफोकसच्या काही खोडी आहेत, आणि त्या खोडींनी आमच्या घराण्याच्या पोशाखावर परिणाम केला. फोकस मोजणारी पट्टी फ्रेमच्या मधोमध, लहान आणि आडवी. तिला उभ्या रेघा चांगल्या कळतात. नुसता पांढरा सदरा किंवा कोरी भिंत समोर आली की लेन्स घर्रर्र करत इकडून तिकडे जाते आणि परत येते. त्यामुळं फोटोच्या दिवशी काकांकडून निरोप यायचा: पुरुषांनी उभ्या रेघांचे शर्ट घालावेत, बायकांनी आडव्या पट्ट्यांची पातळं नेसू नयेत. माझ्या एका चुलत्यांनी हट्टानं कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र झब्बा घातला. काकांनी त्यांना खिशाला फाउंटन पेन लावायला लावलं, उभं. ग्रुप फोटोत त्यांचं पेन इतकं सुरेख आलंय, की टोपणाची क्लिप मोजून घ्यावी.

मावशीच्या, म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मात्र घात झाला. तिथं काका अधिकृत फोटोग्राफर होते, कारण स्टुडिओवाल्याचे पैसे वाचवायचं ठरलं होतं. नवरा-नवरी शेजारी शेजारी उभी, मध्ये वीतभर अंतर. लग्न ठरवून झालेलं; त्या काळी एवढं अंतर असायचंच. काकांनी फ्रेम व्यवस्थित, दोघं दोन बाजूंना अशी लावली. मधली पट्टी त्या वीतभर अंतरातून थेट पाठीमागं गेली, मांडवाच्या खांबावर. कॅमेरा पीं म्हणाला. काकांचा पींवर विश्वास, आणि टेप त्या दिवशी कुणीतरी रुखवतावर ठेवून दिली होती. रोल धुऊन आला तेव्हा अख्ख्या लग्नात एक खांब उठून दिसत होता. केळीच्या पानाची शीर न् शीर, झेंडूच्या माळेतला दोरा, सुतळीची गाठ. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गुलाबी धूसर आकृती.

घरात सुतकी शांतता पसरली. काका एकेक प्रिंट उजेडाला धरून बघत होते. शेवटी म्हणाले, "कॅमेऱ्याची चूक नाही. खांब बघा काय कडक आलाय."

मावशी पुढं दोन वर्षं आली नाही.

काकांना ह्यात खरोखरच आपलं काही चुकलं असं वाटलं नव्हतं, हे मला नंतर कळलं, त्यांची वही पाहिल्यावर. बँकेच्या लेजरसारखी ती रकाने आखलेली वही आहे. रोल क्रमांक, फ्रेम क्रमांक, तारीख, लेन्स, शटर, ॲपर्चर, फ्लॅश आहे किंवा नाही, आणि अगदी उजवीकडं, कागद संपता संपता, 'विषय' म्हणून एक चिंचोळा रकाना. त्या लग्नाच्या अख्ख्या रोलपुढं विषय एकदाच लिहिलाय: 'लग्न'. खाली दोन टिंबं, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. माझ्या जन्मानंतरच्या पहिल्या फोटोपुढं लिहिलंय, 'बाळ (खिडकीचा उजेड)'. उजेडाचा खुलासा केलाय, बाळाचा नाही.

१९९२ साली बँकेत शेअर घोटाळ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. काका डब्याच्या वेळी हनीवेलबद्दल बोलत. ऑटोफोकसच्या पेटंटांवरून हनीवेलनं अमेरिकेत मिनोल्टावर दावा लावला होता. ज्युरीचा कौल त्या वर्षी मिनोल्टाच्या विरुद्ध गेला आणि बारा कोटी डॉलरांहून जास्त मोजून प्रकरण मिटवावं लागलं. "एवढे पैसे बुडाले हो!" काका कळवळून म्हणाले, आणि पलीकडच्या टेबलावरच्या मॅनेजरांनी दचकून विचारलं, "आपल्या शाखेचे?"

पावसाळ्यात कॅमेरा डब्यात जातो. लेन्सच्या आत एकदा बुरशी धरली की संपलं, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. हे खडे कोरडे असताना निळे असतात. हवेतली ओल पिऊन घेतली की गुलाबी होतात. गुलाबी झाले की काका ते काकूंच्या तव्यावर मंद आचेवर परततात, पुन्हा निळे होईपर्यंत. त्या तव्यावर काकूंना पोळ्या करायच्या असतात. जुलै महिन्यात त्या घरी जेवायला जाणारे आम्ही लोक आधी फोन करून खडे झाले का, असं विचारतो. डबाही काकूंच्या लग्नातला, पुरणपोळ्यांसाठी आलेला, झाकणावर नाव कोरलेला. तो परत मागायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय. "तो कॅमेरा आत कोरडा, आणि आमचे पापड बाहेर दमट," एवढंच त्या म्हणतात.

२००६ मध्ये कोनिका मिनोल्टानं कॅमेऱ्यांचा धंदा बंद केला आणि तो सोनीकडं गेला. काका दोन दिवस गप्प होते. मग त्यांना कळलं, की सोनीच्या नव्या डिजिटल अल्फाला तोच माउंट आहे आणि आपली ५० मिलिमीटरची लेन्स त्याला चपखल बसते. तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येकाला त्यांनी सोनी घ्यायला सांगितलं. स्वतः नाही घेतला. त्यांचा लागलेला रोल अजून संपायचा होता.

हल्ली कॉलेजातल्या पोरांना पुन्हा रोलचं वेड लागलंय. परवा त्यांच्याच सोसायटीतला एक मुलगा बेल वाजवून आत आला. केस डोळ्यांवर, पाठीला सॅक. "काका, तुमच्याकडे मिनोल्टा आहे म्हणे? विकायचा असला तर बघू का?" विकण्याचा विषय काकांनी ऐकलाच नाही. त्यांनी थेट तोंडी परीक्षा सुरू केली.

"फ्लॅश सिंक?"

"एकशे शंभर."

"म्हणजे?"

"सॉरी. वन बाय हंड्रेड. एक शंभरांश."

"शटर?"

"तीस सेकंद ते एक दोन हजारांश. आणि बल्ब."

"सेल?"

"चार. बारीकवाले, ट्रिपल ए."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी वही आणली. मुलगा फोटो मागत होता, पण वही बघून तो मांडी घालून बसलाच. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला. एका ठिकाणी थांबून म्हणाला, "ऐंशीच्या दशकातल्या लोकांना चारशेचा रोल परवडायचा?" काकांना हुंदका यायचा बाकी राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी उजवा रकाना सोडून इतर वाचत होतं. अल्बमही निघाला. लग्नाचं पान आलं, तशी पोरानं जीभ चावली. "फोकस मधल्या गॅपमधून पाठी गेला ना, काका? आधी नवरीवर लॉक करून मग फ्रेम सरकवायला हवी होती."

"अगदी बरोबर!" काका म्हणाले. हेच वाक्य मावशी बोलली असती तर पुन्हा दोन वर्षं गेली असती.

मुलानं कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि खात्री करून घेत विचारलं, "हा सात हजारच ना? नऊ हजार नाही ना?"

"छे! नऊ हजार वेगळा. तो प्रोफेशनल, त्याचं शटर चार हजारांशपर्यंत जातं. हा सात हजार," काका ठासून म्हणाले. "सात हजार म्हणजे सात हजार!"

स्वयंपाकघरातून काकू लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अहो, ताणून कसलं धरताय? सात म्हणतोय ना पोरगा? देऊन टाका! आणि बाळ, डबा तेवढा ठेवून जा हो."