टाळी ऐकू येतेय का?

आमचा भाचा नुकताच ध्वनिशास्त्र शिकला. दुरून. सर कुठल्या गावी बसतात ते त्याला माहीत नाही आणि हा कुठल्या गावी बसतो ते सरांना माहीत नाही. दोघांच्या मध्ये एक पडदा, एक माइक आणि ईएमआयचे बारा हप्ते. वीस आठवड्यांनी प्रमाणपत्र मिळणार होतं आणि मग भाचेसाहेब 'अकॉस्टिक कन्सल्टंट' म्हणून व्हिजिटिंग कार्ड छापणार होते. कार्डाचं डिझाइन पहिल्या दिवसापासून तयार होतं. त्यावर कानाचं चित्र आहे.

पहिल्या तासाला मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. सर म्हणाले, आपल्या धंद्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे टाळी. खोलीत शिरायचं, टाळी वाजवायची आणि ती विझायला किती वेळ घेते ते ऐकायचं. वैद्य नाडी बघतो तसं. मला हे फार आवडलं. मी पेपर खाली ठेवला. सरांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही हात छातीसमोर आणले आणि टाळी वाजवली.

काहीही झालं नाही.

म्हणजे हात एकमेकांवर आपटलेले दिसले. सरांच्या चेहऱ्यावर टाळी वाजवल्याचं समाधानही दिसलं. आवाज मात्र नाही. सरांनी विचारलं, "ऐकू आलं? शेपटी ऐकलीत?" पडद्याच्या उजव्या कडेला पटापट उमटलं: येस सर, येस सर, व्हेरी क्लिअर सर. भाच्यानंही टाइप केलं. मी म्हटलं, "अरे, तुला खरंच ऐकू आलं?" तर म्हणाला, "मामा, अटेंडन्स त्यावरच असते."

आता ह्यात गंमत अशी की बिघाड कुठेच नव्हता. ह्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरला एकच काम नेमून दिलेलं असतं: माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकी सगळा गोंगाट गाळायचा. टाळी हे काही बोलणं नव्हे. गाळली. पंख्याची घरघर गाळली, मिक्सर गाळला. पुढच्या धड्याला सर प्रतिध्वनीकडे वळले, तर सॉफ्टवेअरमध्ये प्रतिध्वनी पुसायची वेगळी सोयच असते. तिनं धडा मुळापासून पुसला. सरांनी मोठ्या कष्टानं कुठल्याशा रिकाम्या जिन्यात उभं राहून हाक मारली होती. आमच्याकडे ती गादीच्या दुकानात मारल्यासारखी कोरडी पोचली. आणि नेमका त्याच क्षणी सरांच्या खिडकीखालून एक भंगारवाला गेला. त्याची ती ध्वनिमुद्रित आरोळी, डब्बा-बाटली-रद्दी-भंगाऽऽर, ही सॉफ्टवेअरच्या मते माणसाची वाणी. ती त्यानं जपून, निवडून, स्वच्छ करून चौऱ्याऐंशी विद्यार्थ्यांपर्यंत पोचवली. त्या आठवड्यात भाचा ध्वनिशास्त्रातलं जे काही कानांनी शिकला ते एवढंच. एका हातानं टाळी वाजत नाही असं आपण म्हणत आलो. इथे दोन हातांनीही वाजत नाही आणि तिच्यावर दहा मार्कांचा प्रश्न आहे.

मी एक हिशेब करून पाहिला. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सरांचं बोलणं आमच्यापर्यंत यायला पाव सेकंद लागतो असं धरलं, तर सर ८५ मीटरवर उभे असल्यासारखे झाले. आमच्या बाल्कनीपासून ८५ मीटरवर वाण्याचं दुकान आहे. सरांनी त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून शिकवलं असतं तर तेवढ्याच उशिरा पोचलं असतं, आणि टाळी ऐकूही आली असती. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो हे कोर्सच्या तिसऱ्याच धड्यात दिलंय. दुरून शिकवणाऱ्यांनी हा धडा कसा काय ठेवला, कोण जाणे. स्वतःच्याच दुकानावर पाटी लावल्यासारखं झालं.

मग गृहपाठ. आपल्या खोलीचा निनाद मोजा. निनाद म्हणजे मूळ आवाज थांबल्यावर खोलीत रेंगाळणारा आवाज ६० डेसिबलनं, म्हणजे ऊर्जेच्या मापात दशलक्षांशावर, यायला लागणारा वेळ. सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. शोषण म्हणजे गाद्या, गोधड्या, पडदे, माणसं. आमच्या ताईच्या घरी ते भरपूर. माळ्यावर तीन पिढ्यांच्या गाद्या आहेत आणि कपाटाचं दार साड्यांमुळे १९९८ पासून लागलेलं नाही. कागदावर उत्तर आलं अर्धा सेकंद. मी हरखलो. मध्यमवर्गीय पसाऱ्याला एवढं शास्त्रीय पाठबळ मिळालेलं मी प्रथमच पाहत होतो.

पण नुसतं कागदावर चालत नाही, टाळी वाजवून सरांना 'लाइव्ह' दाखवायची. भाच्यानं वाजवली. सॉफ्टवेअरनं शेपटी कापली, टाळीचं टोक चुकून तेवढं सुटलं आणि सरांच्या आलेखात निनाद आला ०.०४ सेकंद. चांगल्या रेकॉर्डिंग स्टुडिओतसुद्धा तो ०.३ च्या आसपास असतो. सरांनी शाबासकी दिली आणि ताईची बेडरूम वर्गासमोर आदर्श म्हणून ठेवली. बाहेर कुकरची तिसरी शिट्टी होत होती. ती अर्थात सरांपर्यंत गेली नाही.

ध्वनिमापकाचं तर विचारूच नका. खऱ्या ध्वनिमापकाच्या माइकवर आधी एक छोटं नळकांडं बसवतात. ते १००० हर्ट्‌झला बरोबर ९४ डेसिबलचा 'पीऽऽ' काढतं आणि त्या 'पी'शी मापक जुळवून घेतात. ते कोर्सच्या फीमध्ये बसत नाही, म्हणून मोबाइलवर फुकटचं ॲप घ्या म्हणाले. ताईच्या घरी तीन फोन. एकाच मिक्सरला एकानं ६८ म्हटलं, दुसऱ्यानं ७४, तिसऱ्यानं ८१. सर म्हणाले, सरासरी काढा. डेसिबलची अशी साधी सरासरी काढायची नसते, ६० आणि ६० मिळून ६३ होतात, हे त्यांच्याच चौथ्या धड्यात आहे! तिन्ही फोनांचं एकमत मी एकदाच पाहिलं. रात्री अकराला खालून वरात गेली तेव्हा तिघेही ९० वर जाऊन चिकटले, कारण त्यापुढे त्यांचे माइक जातच नाहीत. रहिवासी भागात रात्री १० नंतर ४५ डेसिबल, असं २०००च्या नियमांत लिहिलंय. भाच्याला ते तोंडपाठ आहे. त्याला ते मला ओरडून सांगावं लागलं.

इथवर मी हसत होतो. पण गेल्या रविवारी एका सत्काराला गेलो आणि हसू मावळलं.

नवंकोरं बहुउद्देशीय सभागृह. बहुउद्देशीय म्हणजे त्यात लग्न, व्याख्यान, नाटक आणि संगीत ह्यांतलं काहीच नीट होत नाही. खाली ग्रॅनाइट, बाजूंना काच, वर पीओपीचं कमळ. शोषणाच्या नावानं फक्त आम्ही पाहुणे, तेही अर्धेच भरलेले. वक्ते म्हणाले "आज" आणि ते 'आज' उद्यापर्यंत घुमत राहिलं. बोलण्यासाठी निनाद सेकंदभर पुरतो, फार तर थोडा जास्त. इथे तीन सेकंद आरामात होता. तीन सेकंदांत माणूस सहासात शब्द बोलतो, म्हणजे सातवा शब्द येईपर्यंत पहिला अजून खोलीतच फिरतोय. सगळ्या शब्दांची खिचडी, आणि त्या खिचडीवर मागून कुणीतरी ओरडलं ते आपलं राष्ट्रीय ध्वनिशास्त्र: "आवाज वाढव रे!" अरे बाबांनो, आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं! कमी ऐकू येत नाहीये, जास्त ऐकू येतंय! पण कोणाला सांगणार? आणि कोण सांगणार? कोट्यवधी रुपये ओतले, संगमरवरी कोनशिला बसवली, आणि उद्घाटनाच्या आधी एकालाही ती फुकटची, दोन हातांची टाळी सुचली नाही. की सुचली होती? कारण कार्यक्रम संपला तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या सात-आठ जणांनी रीतीपुरत्या टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्या काचेवरून ग्रॅनाइटवर, ग्रॅनाइटवरून कमळावर अशा तीन सेकंद गडगडत राहिल्या. सत्कारमूर्ती गहिवरल्या. त्यांनी पुन्हा हात जोडले, म्हणून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, म्हणून त्या पुन्हा गडगडल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सभागृह श्रोत्यांसाठी बांधलेलंच नाही. ज्याच्या हस्ते उद्घाटन व्हायचं त्याच्या कानाच्या मापानं ते बेतलंय, आणि त्या मापानं ते अत्यंत यशस्वी आहे. आठ माणसांत ऐंशी माणसांच्या टाळ्या देणारी वास्तू. शोषण वाढवाल तर पुढच्या वेळी निधी मिळायचा नाही.

अशा ठिकाणी मग आमच्या भाच्यासारख्यांना बोलावतात आणि ते भिंतीला फोमचे तिकोनी तुकडे चिकटवतात. स्वस्तात हवं असेल तर अंड्यांचे ट्रे. ट्रेमुळे शेजारच्यांचा आवाज बंद होतो, ही समजूत ह्या देशात होमिओपॅथीइतकी खोल रुजली आहे. आवाज अडवायला वजन लागतं. भिंत दुप्पट जड केली तर सहा डेसिबल, तेही पुस्तकात. आणि सगळ्या भिंतीच्या एक टक्का जरी फट राहिली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. दाराखालची फट बुजवायचं सोडून भिंतीवर अंडी उबवत बसलेत.

दुरून शिकायला माझी हरकत नाही. लॉगॅरिदम दुरून येतात, सूत्रं येतात, नियम येतात. गाव सोडता न येणाऱ्या मुलांची त्यानं मोठी सोय होते. जिथे हे नीट चालतं तिथे वर्षातून काही दिवस मुलांना प्रयोगशाळेत बोलावतात आणि कान धरून, अगदी शब्दशः, ऐकायला लावतात. भाच्याच्या कोर्सनं तेवढाच भाग वगळला. पोहण्याच्या क्लासातून पाणी वगळावं तसा.

असो. भाचा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी टाळी वाजवून विचारलं, निनाद किती? तो म्हणाला, शून्य. पूर्ण गुण.

पहिलं कामही लागलं. मीच लावून दिलं, तेच ते बहुउद्देशीय सभागृह. मंगळवारी सकाळी वॉचमननं दार उघडून दिलं. आत कोणी नव्हतं. भाचा मध्यभागी उभा राहिला, लॅपटॉप उघडला, मग काहीतरी आठवल्यासारखं त्यानं तो खाली ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात छातीसमोर आणून धंद्यातली पहिली टाळी वाजवली.

ती परत आली. काचेवरून आली, कमळावरून आली, मागच्या दारावर जाऊन पुन्हा आली. पोरगं दचकून एक पाऊल मागे सरकलं. त्यानं वर पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि दबक्या आवाजात मला विचारलं,

"मामा, हे ऑफ कुठून करायचं?"