बरणी कुणाची?

घराला रंग देऊन झाला की रंग उरतो, आणि तो नेहमी ठरलेल्या मापानेच उरतो: टाकवत नाही इतका जास्त आणि कशाला पुरत नाही इतका कमी. चार लिटरच्या डब्याच्या तळाशी ३०० मिली. ‘राहू दे, टचअपला होईल’ म्हणत आपण झाकण दाबतो आणि डबा माळ्यावर चढवतो. आमच्या माळ्यावर अशा टचअपच्या दोन पिढ्या नांदतात. वडिलांनी ठेवलेल्या एका डब्यावर तर अजून गट्टू आहे, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, कपाळावर बट आलेला तो खट्याळ पोरगा. आत जे आहे त्याला आता रंग म्हणवत नाही, आणि ते उकरूही नये. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत हवं हा नियम २०१६ सालचा. हा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. पण गट्टूला भंगारात घालायचं कुणी?

ऑइलपेंटची गंमत अशी की तो नुसता सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन खाऊन घट्ट होतो. वॉर्निशचंही तेच. म्हणजे त्या चार लिटरच्या डब्यात आपण रंगाबरोबर साडेतीन लिटरच्या वर हवा भरून ठेवतो, आणि वर्षभरानं साय धरली म्हणून दुकानदाराला नावं ठेवतो. उपाय सोपा आहे. उरलेला रंग जुन्या ओढणीतून गाळून त्याच्याच मापाच्या भांड्यात काठोकाठ भरायचा. भांडं लहान हवं, काचेचं हवं, झाकण घट्ट फिरकीचं हवं. आणि घरात अशी वस्तू जिथे मिळते, तिथे आपल्या शब्दाला किंमत नसते.

स्वयंपाकघरातल्या बरण्यांना सरकारी खात्यासारखी सेवाज्येष्ठता असते. जॅम संपला म्हणून जॅमची बाटली निवृत्त होत नाही, तिला मेतकुटावर बढती मिळते. मग मोहरी, मग आमसुलं. कॉफीच्या बाटल्यांची भरती तर थेट वरच्या श्रेणीत. यांतल्या एकीला रंगखात्यात पाठवू का, असं विचारलं की ही मागे न बघता म्हणते, “अहो, श्रीखंडाचे डबे पडलेत ना ढीगभर, ते घ्या.” आता श्रीखंडाच्या डब्याचं झाकण खुद्द श्रीखंडालाही मनापासून झाकत नाही. ते टर्पेंटाइन काय अडवणार? तरी हे बरं म्हणायचं. शेजारच्या काकांनी घाईत थिनर थर्माकोलच्या पेल्यात ओतला होता. पेला हां हां म्हणता खाली बसला आणि ओट्यावर चिकट लगदा उरला. काका अजून पेल्याच्या क्वालिटीला दोष देतात.

फ्रेंच पॉलिशचं सोवळं त्याहून कडक. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते करतात, आणि लोखंडाला लागलं की काळवंडतं. म्हणून त्याला काचच हवी. आमचा सुतार ते चपट्या क्वार्टरच्या बाटलीतून आणतो, लेबल अर्धवट खरवडलेलं. तिच्या पूर्वायुष्याबद्दल सोसायटीत कुणी प्रश्न विचारत नाही.

इमल्शन त्या मानानं गरीब. पाण्यातला रंग, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून बाटली चेपून हवा काढली की काम झालं. भांडण असतं ते त्याच्या २० लिटरच्या बादलीवरून. रंग निम्माही संपलेला नसतो तेव्हाच वॉचमननं ती मागून ठेवलेली असते, कामवाल्या मावशींनी तिच्यावर नजर ठेवलेली असते, आणि हिनं मनातल्या मनात तिच्यात गहू भरलेले असतात.

पत्र्याचा डबाच ठेवायचा तर खरी परीक्षा त्याच्या झाकणाची. पेंटरनं आतलं टोकन काढण्याच्या ओढीनं ते स्क्रूड्रायव्हरनं असं उचकटलेलं असतं की त्याला चारी बाजूंनी पोचे पडतात. शिवाय कडेच्या खोबणीत रंग साचून वाळलेला. म्हणजे झाकण बसतं, पण टेकत नाही. जाणते पेंटर आधीच खोबणीला खिळ्यानं चार भोकं पाडतात, रंग आपला आत गळून जातो. आमच्या वाट्याला जाणता पेंटर आला नाही. मी खोबण पुसून, दुधाच्या पिशवीचा तुकडा मध्ये घालून, वर फळी ठेवून हातोडी मारतो. ती पिशवीही धुऊन रद्दीसाठी ठेवलेल्यांतली असते, तेव्हा तिचा वेगळा हिशेब द्यावा लागतो.

या सगळ्यात एकदा जॅमची बाटली मला मिळाली. ही माहेरी गेली होती, एवढंच सांगतो. तिच्यात वॉर्निश भरून उजेडात धरलं, तर तांबूस, दाट, पारदर्शक. दृष्ट लागावी असं. आई खोलीत आली आणि म्हणाली, “अरे वा, काकवी! कुठून आणलीस?” त्याच क्षणी मी मार्करनं बाटलीवर तिन्ही बाजूंनी ‘वॉर्निश’ लिहिलं, आणि ती नातवाचा हात पोचणार नाही अशा जागी, गॅसपासून लांब, नेऊन ठेवली. आईनं नंतर दोन दिवस पोळीशी काकवी मागितली ती निव्वळ मला छळायला.

टचअपचा दिवस खरोखरच उगवला. हॉलच्या भिंतीवर सोफ्याचा ओरखडा उठला होता. कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं इमल्शन हलवलं, वास घेतला, अगदी ताजं. पण मधल्या काळात भिंत उन्हानं विटली होती, रंग मात्र बाटलीत जसाच्या तसा तरुण. ओरखड्याच्या जागी आता भला मोठा ठिपका दिसायला लागला. पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, “पूर्ण भिंत मारावी लागंल साहेब.” मग बाल्कनीतल्या स्टुलाकडे मान वळवून म्हणाला, “त्याला वॉर्निश आहे का थोडं?” मी अभिमानानं बाटली काढून दिली. त्यानं झाकण फिरवून पाहिलं, परत लावलं, पुन्हा फिरवलं.

“झाकण एक नंबर आहे साहेब. रिकामी झाली की मला द्या.”

आतून आवाज आला, “ती माझी आहे.”