मोल आणि मोड

नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून सोडवून आणली. खर्च ४७ लाख १५ हजार. आमची छाती फुगलीच! त्याच फुगल्या छातीनं पुण्याच्या कर्वेनगरात आम्ही पुनर्विकासाआधी माळा उपसला. पणजीची समई, मोराचा अडकित्ता, नाव घातलेलं घंगाळ, सगळं मोडीत. घंगाळाच्या कड्या लोखंडी, म्हणून भंगारवाल्यानं आधी वजनातून वजा केल्या. असल्याच समया-अडकित्ते दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवले, म्हणून शुक्रवार पेठेत संग्रहालय उभं राहिलं. तिथे तिकीट काढून आम्ही हळहळतो, ‘अगदी अस्सं आमच्याकडे होतं हो!’ आपल्याकडे वस्तूला मोल चढतं, ते तिनं आपलं घर सोडल्यावरच.