आंब्याच्या पेटीतली मुलगी

अहो वहिनी, ते कपडे ठेवा हो जरा बादलीतच. वाळतील सावकाश, ऊन आत्ता कुठे चौराईच्या डोंगरावरून खाली उतरलंय. इकडे या, कुंपणाजवळ. ऐकलंत का, त्या गोतोंच्या थोरलीनं काय केलं?

कोण गोतो म्हणून काय विचारता! योकोहामाकडचे हो, कानाझावा-हाक्केईला राहतात ते. आई, बाबा, दोन मुली आणि जिमीहेन नावाचा कुत्रा. थोरली हितोरी, धाकटी फुतारी. जपानीत हितोरी म्हणजे एकटी आणि फुतारी म्हणजे दोघं. आता मला सांगा, पोरीला रोज उठून 'एकटी, जेवायला ये', 'एकटी, अभ्यास कर' अशा हाका मारल्या तर ती एकटी पडेल नाहीतर काय?

हसू नका, खरंच सांगते. आमची नात सुट्टीत आली होती ना, तिनं मोबाइलवर लावलं होतं, 'बोच्ची द रॉक'. बारा भाग आहेत. तिकडे 2022 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात टीव्हीवर लागले होते म्हणे. मी आपली शेजारी लसूण सोलत बसलेली. म्हटलं, कार्टून तर आहे, बघेल पाच मिनिटं आणि उठेल. खाली इंग्रजी पट्टी पळते, ती काही मला गाठता येईना, म्हणून नात सांगायची. तिसऱ्या भागात लसूण संपला, तर मी कांदे घेतले. तुम्हाला म्हणून सांगते, चौथ्याला नुसतीच बसले!

तर काय सांगत होते... हां, हितोरी. लहानपणापासून या पोरीला मैत्रीण म्हणून नाही. शाळेत कुणाशी बोलायचं म्हटलं की हातपाय गार. मग टीव्हीवर कुणा बँडवाल्याची मुलाखत बघितली, तो म्हणाला मीही असाच कोपऱ्यात बसणारा होतो. झालं! बाबांची गिटार उचलली आणि गाद्या ठेवायच्या कपाटात जाऊन बसली. अहो, तिकडे भिंतीतच असतं तसलं कपाट. त्याचं दार लावून रोज सहा-सहा तास, आणि तेही तीन वर्षं! हात असा बसला की काय सांगू. पण बाहेर कुणाला पत्ता नाही. इंटरनेटवर 'गिटारहिरो' या नावानं व्हिडिओ टाकायची, खाली लिहायची की मला ढीगभर मैत्रिणी आहेत, बॉयफ्रेंड आहे... सगळ्या थापा. मला हसू यायच्या ऐवजी पोटात कालवलं हो. खोटं बोलायलासुद्धा समोर माणूस नाही, म्हणून व्हिडिओखाली लिहायचं!

आणि कॉलेज निवडलं कुठे, तर... कॉलेज नव्हे, आपल्याकडची अकरावी म्हणतात तसलं काहीतरी. तर घरापासून दोन तासांवर! का? तर जुन्या शाळेतलं कुणी भेटायला नको. आपल्याकडे तळेगावहून लोकल पकडून पोरं पुण्याला जातात, ती चांगलं कॉलेज मिळावं म्हणून. ही जाते ओळख पुसायला.

मग एके दिवशी बागेत झोक्यावर बसली होती, पाठीला गिटार, तोंड एवढंसं. तेवढ्यात इजिचींची निजिका धावत आली. ती ड्रम वाजवते. कार्यक्रम तासाभरावर आणि यांची गिटारवाली पळून गेलेली! हिच्या पाठीवर गिटार दिसली तशी दंडाला धरून घेऊन गेली शिमोकिताझावाला, थेट त्या 'स्टारी'च्या तळघरात. निजिकाची मोठी बहीण सेइका चालवते ते, बँडचे कार्यक्रम होतात तिथे. आणि तिथं बघा हं चेहरे कसे उतरले! कपाटात एकटीनं वाजवणारी पोरगी, चौघांत वाजवायची सवय कुठली. कुणाकडे बघायचं नाही, मग ताल जुळणार कसा? ही पुढे, बाकीच्या मागे. स्वतःलाच कळलं तशी जाऊन बसली कचऱ्याच्या डब्यात.

आता इथंच मला त्या दोघीजणी आवडल्या. निजिका आणि दुसरी ती र्‍यो, बेस वाजवणारी. 'असं काय करतेस', 'धीट हो जरा', एक शब्द नाही. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आणला, वर 'पिकलेला आंबा' असं छापलेलं, आणि म्हणाल्या, यात बसून वाजव. अहो, बसली की! पोरीनं आयुष्यातला पहिला कार्यक्रम आंब्याच्या पेटीत बसून केला. मी हे आमच्या भजनी मंडळात सांगितलं तर मृदंगवाल्या काकू म्हणतात, "म्हणजे पेटी वाजवली म्हणा की!" नाही हो काकू, पेटीत बसून गिटार वाजवली! त्यांना ते अजून पटलेलं नाही. परवाही विचारत होत्या, ती पेटी किती पट्टीची.

आपल्याकडे कसं करतात? लाजरी मुलगी दिसली रे दिसली की पाहुण्यांसमोर उभी. "म्हण गं ते कवितेतलं गाणं, म्हण ना, बाई लाजते काय!" ती आणखी आत जाते, आपण आणखी ओढतो. माझ्या मोठ्या नणंदेनं तर... जाऊ दे, ती आता वारली.

त्या र्‍योनं तिथंच तिला नाव दिलं, बोच्ची. 'हितोरीबोच्ची' म्हणजे अगदी एकटी, त्यातलं शेपूट. मला वाटलं, आता पोर रडणार. कसली! खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी टोपणनाव ठेवलं होतं ना.

बँडचं नाव ऐकलंत? 'केस्सोकू बँड'. केस्सोकू म्हणजे एकजूट. पण तिकडे वायरी बांधायची ती प्लॅस्टिकची पट्टी असते ना, आपला इलेक्ट्रिशियन दाताखाली धरून फिरतो ती केबल टाय, तिलाही हेच नाव! निजिका लाजून लाजून मेली त्या नावापायी. मला मात्र फार नेमकं वाटलं. ती पट्टी एकदा ओढली की मागे येत नाही, कापावीच लागते.

पण खरी गोष्ट त्या पळून गेलेल्या पोरीची आहे. इकुयो किता. दिसायला गोड, शाळेत सगळ्यांशी गोड. र्‍योवर जीव, तिच्या शेजारी उभं राहायला मिळावं म्हणून सांगून टाकलं की मला गिटार येते. येत काही नव्हती. बरं, विकत घेतली तीही गिटार नव्हे, सहा तारांचा बेस! तारा मोजल्या आणि घेतला, काय करणार. मग कार्यक्रमाच्या दिवशी घाबरली आणि पसार. पुढे कळलं की ती नि हितोरी एकाच शाळेत. माफी मागायला आली तळघरात, खाली मान घालून, एक दिवस काम करून देते म्हणाली आणि निघाली. सगळे गप्प. तेव्हा, अहो, कुणापुढे तोंड न उघडणारी हितोरी बोलली! तिनं किताचा हात बघितला होता. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. पळून गेल्यावरही पोर गुपचूप सराव करत होती. हे गिटारवालीलाच दिसणार, दुसऱ्या कुणाला? चपातीचं पीठ मळणारीला दुसरीचं मनगट कळतं, तसं. राहिली मग किता. बेस र्‍योनं विकत घेतला आणि स्वतः कंगाल झाली. यामादा आडनाव तिचं, घरचं हॉस्पिटल आहे हो, आणि ही पोरगी गवत खाऊन दिवस काढते! हितोरीला गाण्याचे शब्द कसे लिहायचे ते सांगायला म्हणून कॅफेत घेऊन गेली, करी-भात मागवला, आणि पैसे कुणी दिले? हितोरीनं! उधारी म्हणे. पण त्या करीच्या बदल्यात सल्ला सोन्यासारखा दिला. लोकांना आवडेल म्हणून आनंदी काही लिहू नकोस, तुझं जे आहे ते लिही. चौघी चार तऱ्हेच्या आहोत, त्यातूनच आपलं गाणं होईल. शब्द माझे आहेत, अर्थ हाच.

हां, आणि आडनावांची गंमत सांगायची राहिलीच! गोतो, किता, यामादा, इजिची. ही चारही आडनावं एका खऱ्या बँडमधल्या चार पुरुषांची आहेत. 'एशियन कुंग-फू जनरेशन'. 1996 साली कॉलेजात जमले ते, आणि ते कॉलेज कुठे? कानाझावा-हाक्केईच्याच बाजूला, हितोरीच्या घराकडे! ही सगळी गोष्ट मुळात चार-चार चौकटींच्या चित्रांची, अकी हामाजींनी काढलेली, मासिकात येते. कार्टून केलं दिग्दर्शक केइइचिरो साइतोंनी. शेवटच्या भागाच्या शेवटाला त्या खऱ्या बँडचंच एक गाणं हितोरीच्या आवाजात आहे. आमची नात त्या वेळी रडली. मी नाही. मला कांद्याचं होतं ते.

आता तुम्ही म्हणाल, पोरींच्या बँडचं कार्टून काय हे एकच आहे? नाही ना, त्याच्या आधी 2009 चं 'के-ऑन' होतं. नाओको यामादा या बाईंनी केलेलं. त्यातल्या पोरी वाजवतात कमी आणि चहा-केक जास्त, अगदी आपलं महिला मंडळ. ते क्योतोच्या ज्या स्टुडिओनं केलं तिथे 2019 च्या जुलैत कुणीतरी आग लावली, 36 माणसं गेली. नात हे सांगताना गप्पच झाली होती. त्या चहाच्या कपांचे रंग ज्यांनी भरले, त्यातलेही कुणी असतील की त्यांत...

तर काय सांगत होते? वादळाचा दिवस. यांचा पहिला खराखुरा कार्यक्रम, आणि बाहेर धो धो पाऊस. आपल्याकडे श्रावणात लोणावळ्याच्या बाजूनं भरून येतं ना, तसलं. येणाऱ्यांनी फोन करून नकार कळवले. समोर मोजकी डोकी, त्यातल्याही दोघी आपसात बोलल्या की या कोण, आम्ही तर पुढच्या बँडसाठी आलोय. ते ऐकलं वर स्टेजवर! निजिकाचा हात डगमगला, किताचा आवाज बसला. पहिलं गाणं पडलं. आणि दुसऱ्याच्या आधी, कुणी सांगितलं नसताना, हितोरीनं एकटीनं गिटार अशी सोडली की... माझ्या हातातला चहा निवला. सगळ्यांनी माना वर केल्या.

त्या रात्री जेवायला गेल्या तेव्हा बाहेर निजिका तिला म्हणाली, गिटारहिरो तूच ना? ओळखलंन तिनं. आणि ऐका, दुसऱ्या दिवशी गावभर केलं का? नाही! पोटात ठेवलं. माझ्यानं झालं नसतं हो. तुम्हाला तर माहीतच आहे.

शेवटाकडे शाळेचं गॅदरिंग. त्यात वाजवायचं म्हणून हितोरीनं फॉर्म भरला, मग घाबरून कचऱ्यात टाकला. कितानं तो उचलून नेऊन दिला! हितोरी पांढरीफटक. आणि ऐन गाण्यात तिच्या गिटारीची तार तुटली. कुणाला काही कळायच्या आत किता, तीच, जिला एके काळी तारा धड ओळखता येत नव्हत्या, ती आपल्या गिटारीवर तेच तेच फिरवत राहिली, हिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. हितोरीनं खाली पडलेली दारूची काचेची बाटली उचलली आणि ती तारांवर घासून वाजवलं. दारू कुणाची विचाराल तर किकुरी नावाच्या एकीची; सदा प्यालेली बेसवाली, पण मनानं चांगली आहे हो. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हितोरीला बोलायला माइक दिला तर ती लोकांच्या अंगावर उडी मारून मोकळी. लोक बाजूला झाले. आपटली!

सुधारली का म्हणून विचाराल, तर नाही. बाबांनी तिच्या व्हिडिओंवर जाहिराती लावून तीन लाख येन साठवले होते, ते हातात आले. म्हणाली, आता नवी गिटार घेते आणि 'स्टारी'तली नोकरी सोडते. गेली सेइकासमोर... आणि तोंडच उघडेना! गेली परत कामाला. पहिल्या भागात जेवढी बावळट, तेवढीच बाराव्यात. फक्त आता तिच्या शेजारी तिघी उभ्या आहेत आणि त्यांना ठाऊक आहे की ही अशीच आहे.

वहिनी, आता जरा हळू बोलते. ती पलीकडच्या विंगमधली नवी सून. हो, तीच. कुणाशी बोलत नाही, लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहते ती. तिला शिष्ट कोण म्हणालं होतं? मीच म्हणाले होते, आणि तुम्हीही मान डोलावलीत, आता नाही म्हणू नका. परवा दुपारी त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला गेले तर दाराआड आवाज. सतार हो! सतार! बेल वाजवली नाही मी. उभी राहिले दहा मिनिटं, कढीपत्ता विसरून. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, जशी चोरीच पकडली. पण माझं लक्ष तिच्या बोटांकडे. घट्टे! मी काही बोलले नाही. ताक मागितलं आणि आले.

बोलले नाही, पण... कोजागिरीच्या कार्यक्रमाची यादी नोटीस बोर्डावर लागलीये ना, तिच्यात सातव्या नंबरावर तिचं नाव मी लिहून आले. काल रात्री, पेनानं. पेन्सिलनं लिहायला हवं होतं, आता सुचतंय. तिनं अजून बघितलेलं नाही. अहो, तुम्ही सांगा ना तिला! माझ्या तोंडून काही निघायचं नाही, मी परत ताकच मागेन. तुमचं कसं, गोड बोलता तुम्ही. आणि तिला म्हणावं, समोर बसायचं नसेल तर नको बसूस. आंब्याच्या पेटीत काही सतार मावायची नाही, पण आमच्या नव्या फ्रिजचा खोका माळ्यावर ठेवलाय मी, फाडलेला नाही.