दंतवैद्याच्या इजलासात

दंतवैद्याचे भय म्हणजे वेदनेचे भय, असे जे मानतात त्यांची मनुष्यस्वभावाशी ओळख बेताचीच असावी. कारण बाहेरच्या बाकावर लवंगेच्या तेलाचा वास घेत आणि आतल्या यंत्राचा चिरका स्वर ऐकत बसलेल्या माझी जी गाळण उडते, ती दाढेला कोणी बोटही लावलेले नसताना उडते. वेदनेचा बंदोबस्त सुईने होतो. पण ज्या इसमाने व्याख्यानमालांतून निर्भयतेवर तासतासभर बोलून टाळ्या घेतल्या, त्याला उताणा निजवून, पानतंबाखूचे सारे जुने दप्तर दिव्याखाली उघडे पाडून, गालात कापसाचे बोळे कोंबून, वर ‘सध्या नवीन काय लिहिताय?’ अशी जबानी घेण्याचा जो प्रघात आहे, त्यावर कोणती सुई चालते? माझे वक्तृत्व अशा वेळी एका अनुनासिकावर येऊन ठेपते.

येथे मला हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स आठवतो. (हे नाव निघताच आमच्या घरची मंडळी पानावरून उठतात; वाचकांना ती सोय नाही.) १८४४ च्या डिसेंबरात हास्यवायूच्या एका जाहीर खेळात कोणाच्या पायाला जखम झाली आणि त्याला तिची शुद्धही नव्हती, हे पाहून या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ उपटून घेतली, आणि तीही दुसऱ्यांच्या दाढा हाताशी असताना! १८४५ मध्ये बोस्टनच्या विद्वानांपुढे त्याने प्रयोग मांडला, तो रोगी ऐन वेळी कण्हला, सभेने लबाडी म्हणून हुर्यो उडवली आणि वेल्सची अब्रू गेली. आपल्याला फारसे दुखले नव्हते, असे त्या रोग्याने मागाहून सांगितले म्हणतात. पुढल्याच वर्षी त्याच शहरात मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर देऊन कीर्ती मिळवली. वेल्सने १८४८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात स्वतःचा अंत करून घेतला. जगाच्या वेदना हरण करू निघालेल्या माणसाच्या वाट्याला एक फुकटचे कण्हणे आले. त्या रोग्याचा मला मनस्वी संताप येतो, कारण तो माझ्या फार जवळच्या ओळखीचा आहे.

“काका, मी अजून नुसता आरसाच धरलाय,” आमच्या तरुण डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या. “दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.” एवढी मुखत्यारी मला त्या खुर्चीत आजवर कोणी बहाल केली नव्हती. तो आवाज केवळ घसा खाकरण्याचा होता, असा खुलासा मी तत्काळ केला. पण कापसातून निघाल्यामुळे बाईंनी तोही कण्हण्याच्याच खाती जमा धरला.