बर्फ पडल्यावर रेल्वे कशी चालवावी

प्रथम तळघर मिळवावे. ते वारशाने मिळो, कर्जाने मिळो की लग्नात मिळो. मात्र त्यावर आपला ताबा असल्याची घरात एकदा तरी तोंडी कबुली झालेली असावी. मिलवॉकीसारख्या शहरात हे फारसे अवघड जात नाही. मिशिगन सरोवराच्या काठावरच्या या शहरात तळघराची घरे पुष्कळ आहेत, जानेवारीत रात्रीचा पारा उणे दहाच्या आसपास घुटमळतो, आणि दारासमोरचा बर्फ फावड्याने बाजूला सारला की गृहस्थाला वरच्या मजल्यावर काही काम उरत नाही. याच शहरात अल कॅल्मबाख यांनी १९३४ च्या जानेवारीत ‘मॉडेल रेलरोडर’ हे लघुरेल्वेच्या छंदाचे मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी इथेच या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मंदीचे दिवस, वर बर्फ आणि खाली तळघर. एवढे साहित्य जमल्यावर त्यातून रेल्वे न निघती तरच नवल.

यानंतर इच्छुकाने एक वाक्य पाठ करावे: “ही खेळण्यातली गाडी नाही.” ते सासूबाईंना, शेजाऱ्यांना आणि गॅस-फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकला आवाज न चढवता सांगता येईपर्यंत पुढचे खर्च करू नयेत.

मग प्रमाण ठरवावे. अमेरिकेत सर्वाधिक चालते ते एचओ, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. या हिशेबाने सहा फुटी गार्ड एकवीस मिलिमीटरचा होतो आणि एक मैल साडेसाठ फुटांत बसतो. मिलवॉकी ते शिकागो हा लोहमार्ग ८६ मैलांचा आहे. तो प्रामाणिकपणे मांडायचा तर तळघर जवळजवळ एक मैल लांब हवे. तेवढे नसेल तर प्रामाणिकपणा आवरता घ्यावा आणि शिकागो वॉशिंग मशीनच्या अलीकडे आणावे. सगळे असेच करतात. ज्यांना फारच जागा कमी त्यांनी एन प्रमाण घ्यावे. त्यात सगळे एकशे साठाव्या भागाचे आणि रूळ नऊ मिलिमीटरचे. फक्त चाळिशीनंतर डबा रुळावर आहे की शेजारी, हे भिंगाशिवाय कळत नाही. इंग्लंडातली मंडळी गाड्या शहात्तराव्या भागाच्या करतात, पण रूळ मात्र तेच साडेसोळा मिलिमीटरचे वापरतात. वास्तविक ते अठरा पूर्णांक त्र्याऐंशी शतांश मिलिमीटर असायला हवेत. या फरकावर तिथे अनेक हिवाळे वाद घालण्यात सुखाने गेले आहेत.

मराठी वाचकाला या उद्योगाची कल्पना यावी म्हणून दिवाळीतला किल्ला डोळ्यांपुढे आणायला हरकत नाही. तीच माती, तेच डोंगर, तेच ‘हात लावू नको’. पण इथे मावळा बुरुजापेक्षा उंच झाला तर सभासदत्व धोक्यात येते, आणि तुळशीचे लग्न लागल्यावर किल्ला मोडायचा नसतो.

काय बांधावे, हा प्रश्न विचारू नये. उत्तर ठरलेले आहे: काळ १९५० च्या आसपासचा, कारण तेव्हा वाफेची इंजिने संपत आली होती, डिझेलची येत होती आणि दोन्ही एकाच यार्डात शोभतात, ऋतू शक्यतो ऑक्टोबर, कारण झाडांना लाल-पिवळा रंग देता येतो. वर दोन फूट बर्फ साचलेला असताना खाली कायमचा ऑक्टोबर चालू असतो. बर्फाचा देखावा करणारे फार थोडे. ज्याने सकाळीच फावडे चालवले आहे त्याला संध्याकाळी चिमट्याने बर्फ पसरण्याची हौस कशी राहणार? कोणाला ती असलीच, तर स्वयंपाकघरातला खायचा सोडा वापरू नये. सुरुवातीला तो झकास दिसतो, पण दमट दिवसांत त्याचे खडे होतात आणि रुळांच्या धातूला तो मानवत नाही.

रुळांखाली खडी घालण्याची कृती मात्र पाकक्रियेइतक्या काळजीने करावी. बारीक खडी कोरडीच पसरावी आणि मऊ कुंचल्याने रुळांमधून सारखी करावी. पांढऱ्या गोंदात पाणी घालून तो दुधासारखा पातळ करावा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा. हा थेंब विसरला तर पाण्याचे मणी होऊन खडीसकट घरंगळतात आणि संध्याकाळ वाया जाते. ड्रॉपरने हळूहळू सोडावे, रात्रभर वाळू द्यावे. सांध्याजवळ आले की हात आखडता घ्यावा, नाहीतर सकाळी सांधा कायमचा मुख्य मार्गावर चिकटलेला सापडतो. असा सांधा सोडवायला मित्र बोलवावा लागतो. पुष्कळशा मैत्र्या इथूनच सुरू होतात.

हिवाळ्याचा खरा त्रास मात्र थंडीने होत नाही, तो कोरडेपणाने होतो. खऱ्या रेल्वेचे रूळ थंडीत आखडतात आणि कधी तडकतात. तळघरात उलटाच प्रकार. नोव्हेंबरात फर्नेस सुरू झाली की घरातली हवा सुकते, लाकडी चौकट किंचित आक्रसते, वरचे रूळ मात्र होते तेवढेच राहतात. त्यांच्या जोडांतली फट मिटते आणि डिसेंबरात एका सकाळी सरळ मार्गाने कंबर वाकवलेली दिसते. नवखा माणूस उष्णतेला दोष देतो. जाणकार दमट महिन्यांत रूळ टाकताना जोडांत फट ठेवतात आणि हिवाळ्यात तळघरात ह्युमिडिफायर लावतात. बेडरूममध्ये सगळ्यांचे ओठ फुटलेले असताना ह्युमिडिफायर खाली का, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

याच कोरड्या हवेमुळे गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाच्या बोटांतून ठिणगी उडते. आजकालच्या इंजिनांत डिजिटल डीकोडर असतो. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक, आणि हातातल्या यंत्रावर तो दाबला की तेवढेच इंजिन हलते. एका ठिणगीत तो डीकोडर मरू शकतो. म्हणून पाहुण्याने आल्याबरोबर आधी पाण्याच्या नळाला किंवा पाइपला हात लावावा, मग यजमानाशी हस्तांदोलन करावे. क्रम चुकवू नये.

आता मित्रांकडे वळावे, कारण खरा खर्च तिथे आहे. एकट्याला गाडी गोल गोल फिरवता येते, पण वेळापत्रकाने चालवता येत नाही. त्याला माणसे लागतात: यार्ड सांभाळायला एक, मालगाड्यांवर चार, प्रवासी गाडीवर एक आणि डिस्पॅचर एक. म्हणून दर हिवाळ्यात मंडळी आळीपाळीने एकमेकांच्या तळघरांत जमतात. आज या घरी, पुढच्या आठवड्यात त्या घरी. घरमालकाने अंगणातला बर्फ काढून गाड्या लावण्यापुरती जागा करावी, पाहुण्यांनी डोनट आणावेत, एवढा अलिखित करार असतो. मंडळी निवडताना समतोल राखावा. वायरिंग येणारा एक तरी हवाच. प्रसिद्ध गायक रॉड स्टुअर्ट यांनी वीसहून अधिक वर्षे खपून एक भलेमोठे शहर उभारले, दौऱ्यावर असताना त्याच्या इमारती बनवण्यासाठी हॉटेलात वेगळी खोली घेतली, पण विजेचे काम दुसऱ्यावर सोपवले. प्लास्टरचे डोंगर करणारा एक हवा. फक्त डोनट खाणारा एक आपोआप येतो. आणि एक असतो रिव्हेट मोजणारा. १९४७ च्या डब्यावर १९५२ ची पाटी लागली आहे हे त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. त्याला काढून टाकू नये. त्याला डिस्पॅचर करावे.

डिस्पॅचरला गाड्या दिसत नाहीत. तो इस्त्रीच्या टेबलाशी किंवा जिन्याखाली हेडफोन लावून, समोर कागद घेऊन बसतो आणि कोणती गाडी कुठे थांबेल ते ठरवतो. भिंतीवरचे घड्याळ चौपट वेगाने धावते, म्हणजे तीन तासांच्या संध्याकाळात रेल्वेचे बारा तास उरकतात. वरच्या मजल्यावरचे घड्याळ मात्र नेहमीच्या वेगाने चालते आणि जेवणाची हाक त्या घड्याळाप्रमाणे येते, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. प्रत्येक मालडब्याला एक कार्ड असते. कार्डाच्या खिशात चार बाजूंची पावती, तीवर खाण, वीजकेंद्र, पिठाची गिरणी, बंदर अशी ठिकाणे. एक बैठक झाली की पावती फिरवायची आणि डबा पुढच्या ठिकाणी निघतो. वाघिणीतला प्लास्टिकचा कोळसा देशभर फिरतो आणि कधीच जळत नाही. एरवी ज्यांना आपल्या सख्ख्या भावाला फोन करायला निमित्त सापडत नाही असे सेवानिवृत्त गृहस्थ अशाच एखाद्या पिठाच्या डब्यापायी दर गुरुवारी बर्फातून वीस मैल गाडी हाकत येतात. निरोप काय, तर “माझा डबा तुझ्या यार्डात अडकलाय.”

पाहुण्याचे शिष्टाचार थोडक्यात असे. न विचारता काही उचलू नये. डबे सोडवताना बांबूची काडी वापरावी, बोटे नाही. दारात मार्ग आडवा गेला असेल तर त्याखालून वाकून आत जावे आणि बाहेर येताना ‘आई गं’ म्हणू नये. वयोमानाप्रमाणे सगळ्यांनाच तसे वाटत असते. दुसऱ्याच्या इंजिनाचा क्रमांक चुकून दाबला आणि खोलीच्या पलीकडे एक एक्स्प्रेस आपण होऊन निघाली, तर खिडकीबाहेर बर्फ किती पडतोय ते पाहावे. आपला डबा घसरला तर दोष चाकांचा की रुळांचा, हा वाद संघटनेच्या पत्र्याच्या मापाने सोडवावा. ते माप प्रत्येकाच्या खिशात असते आणि ते सहसा यजमानाच्या रुळांना दोषी ठरवते. अशा वेळी डबा हाताने रुळावर ठेवण्याला अमेरिकी मंडळींनी इंजिनाच्या चाकांच्या हिशेबाने ‘शून्य-पाच-शून्य’ असे नाव दिले आहे. पाच म्हणजे पाच बोटे. हे इंजिन कुठल्याही रेल्वेत सर्वांत भरवशाचे.

नेमकेपणाचा अतिरेक होऊ लागला तर जॉन ॲलन यांचे उदाहरण काढावे. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीला त्यांच्या घराखाली सबंध पर्वतरांग होती, जमिनीपासून छतापर्यंत. त्यांच्या छायाचित्रांनी दोन पिढ्या या छंदाकडे ओढल्या. आणि त्या नेमक्या, धुरकट, गंजलेल्या यार्डात डबे ढकलायला त्यांनी एक डायनासोर ठेवला होता. स्टेगोसॉरस, एमा नावाचा, रीतसर क्रमांक असलेला. रिव्हेट मोजणाऱ्यांनी त्याचे काय करावे हे आजवर ठरलेले नाही. ॲलन १९७३ च्या जानेवारीत वारले आणि काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे जवळजवळ सगळी जळाली. त्यांच्या रेल्वेचे नाव लिहिलेले डबे मात्र आजही इतरांच्या तळघरांत फिरताना दिसतात, कारण या मंडळींत एक रीत आहे: आपल्या काल्पनिक रेल्वेचे नाव लिहिलेला डबा मित्राला द्यावा, त्याचा आपण घ्यावा.

या रीतीचा उपयोग नंतर कळतो. गटातला कोणी गेला की घरच्यांना तळघरातल्या त्या पसाऱ्याचे काय करावे ते सुचत नाही. मग उरलेले मित्र शनिवारी येतात, इंजिने खोक्यांत भरतात, प्रत्येकाची खरी किंमत यादीत लिहितात, म्हणजे कोणी व्यापारी वहिनींना कवडीमोलाने गंडवणार नाही. न उघडलेली खोकी मोजताना फार चर्चा करू नये. नवऱ्याने ‘एकच घेतलं’ म्हणून सांगितलेली बावीस इंजिने निघू शकतात. तिथे फक्त यादी करावी. चौकटीचे लाकूड कोणी घेऊन जातो. त्या रेल्वेचे डबे आधीच चार-पाच घरांत पोहोचलेले असतात आणि पुढच्या बैठकीला त्यांच्या पावत्या नेहमीसारख्या फिरवल्या जातात.

जानेवारीच्या अखेरच्या शनिवार-रविवारी मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला ॲम्हर्स्ट रेल्वे सोसायटीचे मोठे प्रदर्शन भरते. न्यू इंग्लंडमधल्या गटांनी तिथे एकाच गाडीतून जावे. चौघे, चार कोट आणि चार थर्मास. पैसे रोख न्यावेत आणि खर्चाची मर्यादा ज्याची बायको कडक आहे त्याच्याकडे सोपवावी. परतताना खरेदी डिकीत ठेवावी, अंधार पडल्यावरच उतरवावी, आणि कोणी पाहिलेच तर ती मित्राची आहे असे चौघांनी एकाच सुरात सांगावे. ही तालीम गाडीत होऊ शकते.

ज्यांच्याकडे तळघर नाही, बर्फ नाही आणि नुसती हौस आहे, त्यांच्यासाठी सोय पुण्यात आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुले आहे. सिग्नल, पूल आणि फलाट यांच्यासह गाड्या तिथे धावतात. जाताना एका मित्राला बरोबर न्यावे, शक्यतो ज्याच्याशी बरेच दिवस बोलणे झालेले नाही अशाला, आणि दोघांनीही हात खिशात ठेवावेत.