उन्हाचा हिशेब

सिडनी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना


बाबांचा प्रश्न एका ओळीचा आहे : छपरावर सोलर बसवलं तर पैसे किती वर्षांत सुटतात? उत्तर मात्र एका ओळीत मावत नाही. इथे साधारण दर तीन घरांपैकी एकाच्या छपरावर पॅनेल आहेत आणि ती सगळी एकाच आकाशाखाली आहेत, तरी कुणाचे पैसे पाच वर्षांत सुटतात, तर कुणाला सात पुरत नाहीत. ऊन सगळ्यांना सारखंच. फरक पडतो तो त्या घरात दुपारी काय चालतं यानं.

आधी आकडे, म्हणजे बाबांचा जीव खाली पडेल. इथलं नेहमीचं माप 6.6 किलोवॅट. पंचांगातून काढल्यासारखा वाटणारा हा आकडा नियमातून आला आहे : सरकारी सवलत हवी तर पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरच्या 133 टक्क्यांपर्यंतच चालते, म्हणून 5 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर 6.6 चे पॅनेल. सवलत वजा जाता खर्च साडेसहा हजार डॉलर धरू. (ही सवलत दर जानेवारीत थोडी कमी होते आणि 2030 नंतर संपते, घाई करायला लावणारे विक्रेते एवढं एक खरं बोलतात.) वर्षाला वीज साधारण 9,000 युनिट. आता खरी मेख. विकत घेतलेलं युनिट 30 सेंटच्या आसपास पडतं आणि आपण ग्रिडला विकलेलं जेमतेम 5 सेंटला जातं. त्यामुळे एकूण विजेतली 20 टक्के घरात वापरली, तर वर्षाचा फायदा 900 डॉलर आणि पैसे सुटायला सात वर्षांहून जास्त. तीच 40 टक्के वापरली, तर 1,350 डॉलर आणि पाच वर्षांच्या आत मोकळे. पॅनेल तेच, छप्पर तेच. फक्त धुण्याचं मशीन आणि पाण्याचा बंब रात्रीऐवजी दुपारी बारा वाजता सुरू झाला. वाळवणं घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. उन्हाची कामं उन्हात.

विकलेल्या विजेला एवढा पडेल भाव का, असं बाबा विचारणारच. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! दुपारी सगळ्यांच्याच छपरांवर एकदम पीक येतं, तेव्हा घ्यायचं कुणी? कधीकाळी चित्र उलटं होतं. 2010 च्या सुरुवातीला या राज्याच्या सरकारनं छपरावरच्या प्रत्येक युनिटला 60 सेंट देऊ केले. गर्दी इतकी झाली की त्याच वर्षी दर 20 वर आणावा लागला आणि 2016 अखेर योजना संपली. त्या काळात शहाणा तो, जो वीज विकायचा. आज शहाणा तो, जो घरातच संपवतो. कुणी जुन्या भावाची गोष्ट सांगून मोह घालू लागला, तर ती दहा रुपये तोळा सोन्याच्या गोष्टीसारखी ऐकावी आणि चहा द्यावा.

मग दुपारची वीज बॅटरीत भरून रात्री का वापरू नये? जुलै 2025 पासून इथलं केंद्र सरकार घरगुती बॅटरीवरही साधारण 30 टक्के सूट देतं. पण हिशेब करून पाहा. साठवलेलं युनिट 5 ऐवजी 30 सेंटचं काम करतं, म्हणजे कमाई 25 सेंट. दहा युनिटची बॅटरी रोज काठोकाठ भरली आणि रोज तळाला गेली, तरी वर्षाला सव्वानऊशेच्या आत. हमी बहुधा दहा वर्षांची. म्हणजे नऊ हजारांहून महाग बॅटरी हमीच्या काळात स्वतःलाच फेडू शकत नाही, आणि ढगाळ दिवस तर मी मोजलेलेच नाहीत.

बाबांचा हुकमी एक्का मला माहीत आहे : मुदत ठेव. तिथे मुद्दल परत मिळतं, इथे पंचवीस वर्षांनी भंगार. आक्षेप रास्त आहे, शिवाय मध्येच एकदा इन्व्हर्टर बदलावा लागतो, तो खर्चही धरायला हवा. पण साडेसहा हजारांवर पाच टक्के व्याज म्हणजे वर्षाला 325, आणि त्यावर कर. वाचलेल्या बिलावर कर नाही. 900 धरले तरी मुद्दल सात-आठ वर्षांत हातात येतं, पुढचं इन्व्हर्टर वजा जाता नफ्याचं.

आता तुमचं पुणं. तिथे गणित वेगळं, कारण नेट मीटरिंगमध्ये ग्रिड वाण्याच्या वहीसारखं वागतं : दुपारी जमा, रात्री उचल, युनिटला युनिट. म्हणजे आईनं मिक्सर केव्हा लावावा यावर फारसं काही अवलंबून नाही. तिथे बघायचा तो बिलाचा टप्पा. महावितरणचं तीनशेच्या पुढचं युनिट शंभराच्या आतल्यापेक्षा दुपटीहून महाग असतं आणि सोलरनं आधी कापली जातात ती हीच वरची महाग युनिटं. 3 किलोवॅटला केंद्राचं 78,000 रुपये अनुदान आहे. रोज साधारण बारा युनिट मिळतात. बिल चारशे युनिटांचं असेल, तर जरूर बसवा. ऐंशीचं असेल, तर त्या पैशांत अष्टविनायक करून या. आणि गच्ची सोसायटीची असेल, तर आधी सर्वसाधारण सभा, मग सूर्य.

तेव्हा मागच्या बारा महिन्यांच्या बिलांचे फोटो पाठवा. अंगठा आकड्यांवर येऊ देऊ नका.

तुमचे,
सिडनीकर

ता. क. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून पॅनेल कुबेराच्या दिशेला तोंड करतात. पुण्यात ते दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला करावे लागतील. आईला हे बाबांनीच सांगावं.